पंख्यातल्या अक्षता

मुलगा कॅनडाला गेल्यापासून आमचं फोनवरचं बोलणं "बाकी?" या शब्दाशी येऊन थांबायचं. जेवण झालं का, औषध घेतलं का, तिकडे थंडी किती, इकडे ऊन किती, एवढं आटोपलं की तो विचारायचा, "बाकी?" आणि मी म्हणायचे, "बाकी काय, सारं बरं आहे." मग आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसायचो. खरं म्हणजे तेही नाही. त्या एवढ्याशा पडद्यावर माणूस स्वतःचंच तोंड पाहतो. मी माझे पिकलेले केस पाहायचे, तो बहुतेक त्याची दाढी पाहत असेल. तेवढ्यात दोघांपैकी कोणाला तरी काम आठवायचं. फोन ठेवला की मला राग यायचा, आणि तो कोणावर काढावा हे कळत नसल्यामुळे मी भांडी आपटून आपटून घासायचे.

आमचं घर भिलाईत, खुर्सीपारच्या बाजूला आहे. नवऱ्याची सगळी नोकरी स्टील प्लांटमध्ये गेली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि आम्ही इथे राहायला आलो. माझं माहेर आणि सासर दोन्ही गोंदियाकडचं. गल्लीत एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला बिहारी, समोर ओडिया. सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात, भाजीवाली छत्तीसगढीत बोलते, आणि मराठी ही दार लावून घेतल्यावर घरात बोलायची भाषा. आधी मुलगा गेला, मग नवरा गेला, आणि त्या भाषेत बोलायला मी एकटी उरले. एकदा गॅसवर दूध ठेवून विसरले आणि ते उतू गेल्यावर माझ्या तोंडून आपसूक निघालं, "अरे, ये क्या हो गया!" घरात कोणी नव्हतं. मी स्वतःशीच हिंदीत बोलले होते. त्या दिवशी मला खरोखर भीती वाटली.

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला मुलगा आला तेव्हा त्याने त्याचा कॉलेजातला कॉम्प्युटर पुसून सुरू केला. पुढच्या खोलीत तो फुलाफुलांच्या कव्हराखाली झाकून ठेवलेला होता. आमच्याकडे प्लांटची बारीक धूळ सगळीकडे बसते. दोरीवर कपडे वाळत घालायचे तर आधी दोरी पुसावी लागते. म्हणून टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना मी कपडे शिवलेले आहेत. मुलाने ते कव्हर काढलं, आत काय काय टाकलं आणि ट्रक चालवायचा एक गेम लावला. मोठा माल भरलेला ट्रक, लांबच लांब रस्ते, एका गावातून माल उचलायचा आणि दुसऱ्या गावात पोचवायचा. मारामारी नाही, कोणी मरत नाही.

"आई, चालवून पाह्य," तो म्हणाला.

मी स्कूटी चालवलेली बाई. म्हटलं, त्यात काय मोठं. पहिल्याच वळणावर मी ट्रक टोलनाक्याच्या भिंतीत घातला. मुलगा हसला, आणि असा हसला की खुर्चीवरून वाकला. बाप गेल्यापासून तो हसलेला मी पाहिला नव्हता. मी मुद्दाम पुन्हा एकदा ठोकला.

तो परत गेला आणि दर रविवारी आम्ही दोघं ट्रक चालवायला लागलो. माझ्याकडे संध्याकाळ, त्याच्याकडे सकाळ. कानावर हेडफोन, तोंडासमोर माइक, तो पुढे आणि मी मागे. आणि मग मला न कळणारी एक गोष्ट झाली. फोनवर ज्याच्या तोंडून शब्द ओढून काढावा लागायचा, तो पोरगा बोलायला लागला. तोंडाकडे पाहायचं नसलं, दोघांनाही समोरचा रस्ता पाहायचा असला, की माणसाला बोलायला सोपं जात असावं. घरमालकीण कशी खडूस आहे, ऑफिसात कोण कोणाचं काम आपल्या नावावर खपवतो, वरणाला फोडणी देताना घरातला धुराचा भोंगा कसा वाजला आणि शेजारी कसे बाहेर पळाले. एकदा तर म्हणाला, बाबा स्वप्नात आले होते, काही बोलले नाहीत, नुसते बूट शोधत होते. हे त्याने मला फोनवर जन्मात सांगितलं नसतं. मी म्हटलं, "मिळाले का बूट?" तो म्हणाला, "नाही न, त्याआधीच जाग आली."

सोमवारपासून शनिवारपर्यंत मी त्या एका संध्याकाळची वाट पाहायचे. हे सांगायला मला लाज वाटत नाही. वाट पाहायला दुसरं होतं काय?

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. भिलाईत राहून ज्याने ही पूजा पाहिली नाही त्याने भिलाई पाहिली नाही असंच मी म्हणेन. त्या दिवशी मशीनला सुट्टी असते. प्लांटच्या शॉपा-शॉपांत, म्हणजे खात्या-खात्यांत, मूर्ती बसते, क्रेनला हार, लेथला हार, पान्यांना कुंकू. नवरा ड्यूटीवरून प्रसाद घेऊन आला की घरच्या मशिनींची पूजा करायचा: स्कूटर, मिक्सर, माझी शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर. तो गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. त्या वर्षी मी कॉम्प्युटरची पूजा अशी केली की शिलाई मशीनला हेवा वाटावा. डब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठमूठ वाहिल्या. माझ्या मुलाला दर रविवारी माझ्याकडे आणणारं मशीन होतं ते. हात आखडता कशाला घ्यायचा?

त्यानंतर लवकरच गाडी अडकायला लागली.

सुरुवातीला चांगली चालायची. जरा वेळ गेला की पडदा थबकायचा, मग ट्रक एकदम पुढे उडी मारायचा, पुन्हा थबकायचा. मी स्टिअरिंग डावीकडे वळवायचे आणि ट्रक मनात येईल तेव्हा वळायचा, तोवर मी शेतात. मुलगा पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला गाडी लावून थांबायचा. "ये तू आरामात, मी थांबलो आहे," म्हणायचा, आणि मी धक्के खात पोचेपर्यंत बोलत राहायचा. मी येऊन पोचायचे, निघायचो, पुन्हा अडकायचो. दसऱ्याला मी कॉम्प्युटरची आणखी एकदा पूजा केली. मशीन कुरकुरतंय तर त्याला प्रसन्न करावं असा माझा सरळ हिशोब होता. अक्षता या वेळी जास्तच वाहिल्या. त्यानंतरच्या रविवारी तर ट्रक पुलावरच उभा राहिला.

शेवटी मुलगा कंटाळला. "आई, राहू दे वं आता. तुले बी त्रास अन् मले बी. आपण फोनच करत जाऊ."

फोन म्हणजे "बाकी?" फोन म्हणजे पुन्हा एकमेकांना स्वतःची तोंडं दाखवणं.

"फोन-बिन काही नाही," मी म्हटलं. "कावून अडकते ते सांग मले. मी पाहते."

"काय पाहतं तू? त्याच्यात वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही. इंटिग्रेटेड आहे ते. म्हंजे प्रोसेसरच सारा हिशोब करते अन् चित्रं बी थोच काढते. मेमरी बी दोघाइची एकच. वेगळं काही नाही."

म्हणजे एकच बाई पोळ्या लाटणार, शेकणार आणि पंगतीत वाढणारही. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. असल्या बाईचं ओझं कमी करायचं असेल तर पंगतीतले पदार्थ कमी करायचे, एवढी अक्कल मला होती. मी त्याला म्हटलं, तू मला फक्त काय काय बंद करता येतं ते लिहून पाठव.

त्याने पाठवलं, आणि मी चष्मा लावून बसले. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, पण दुकानाच्या पाट्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या वाचून ते जिवंत ठेवलेलं आहे. आधी रिझोल्युशन कमी केलं. चित्र जरा धूसर झालं, जसं चष्मा काढल्यावर दिसतं. मग सावल्या बंद केल्या. झाडं, माणसं, ट्रक, कोणाचीच सावली पडेना. मग रस्त्याकडेचं गवत गेलं. दूरची झाडं गेली. पावसाचं पाणी काचेवर ओघळताना दिसायचं, ते गेलं. मागे कामं करत बसलेले चार प्रोग्राम होते, त्यांना घरी पाठवलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर म्हणून एक प्रकार असतो, तो नवा आणून बसवला. ते करताना पडदा काळा झाला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं, आणि पडदा परत आल्यावर मला फार शहाणं वाटलं. कॉम्प्युटर वीज वाचवायच्या बेतावर लावलेला होता, तो काढून पूर्ण ताकदीवर लावला. वीज वाचवायची सवय नवऱ्याची. त्याला मनातल्या मनात सांगितलं की बिल मी भरीन, तुम्ही बोलू नका.

मग आरसे बंद करायची वेळ आली. ट्रकच्या दोन्ही बाजूंना मागचं दाखवणारे आरसे असतात, आणि मागचं सगळं पुन्हा एकदा काढावं लागतं म्हणून ते मशीनला फार जड जातात असं मुलाने लिहिलं होतं. मी ते बंद केले. आरशांच्या जागी काळे चौकोन आले. कधीमधी तो माझ्या मागे राहायचा आणि मी त्याला आरशात पाहत चालवायचे, ते संपलं. आता त्याने पुढेच राहायचं असं ठरलं.

शेवटी त्या जगात उरलं काय, तर रस्ता, पांढरे पट्टे आणि पुढे त्याच्या ट्रकचे लाल दिवे. मला तेवढं पुरत होतं. पण गाडी तरी चालावी ना! पहिला थोडा वेळ चालायची आणि मग तेच रडगाणं.

मुलाने मेमरीचा आणखी एक तुकडा बसवायला सांगितला. एकाऐवजी दोन असले की अशा मशिनीला दम मिळतो म्हणे. मी जुना तुकडा कसा असतो त्याचा फोटो घेऊन सुपेल्याच्या बाजारात गेले. दुकानदाराने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं, "आंटी, पोते के लिए चाहिए?"

"मेरे लिए."

"आप गेम खेलती हैं?"

"ट्रक चलाती हूँ," मी म्हटलं.

तो हसायला लागला आणि दुकानातल्या दुसऱ्या माणसालाही त्याने सांगितलं. मग मला समजावू लागला की आंटी, हा डबा फार जुना झाला, यात पैसे घालू नका, नवा घ्या. मला त्याचा फार राग आला. माझंही वय झालंय, मग माझ्या जागीही कोणी नवी आणायची का? तरी मी मेमरी घेतली, रिक्षात बसले आणि घरी येईपर्यंत ती पिशवी मांडीवर धरून ठेवली. बसवायला समोरच्या ओडिया बाईचा जावई आला होता. त्याने बाजूचा पत्रा जरा सरकवला, टिचकी मारल्यासारखा तो तुकडा आत बसवला आणि चहा पिऊन गेला. रविवारी गाडी आणखी थोडा वेळ चांगली चालली. मग पुन्हा थबकली.

त्या दिवशी मुलगा थांबला नाही. थांबला नाही म्हणजे, थांबला होता, पण गप्प होता. मग म्हणाला, "आई, आज जाऊ दे. मले काम बी आहे." आणि गेला. मी एकटीच त्या रस्त्यावर उभी होते. माझा ट्रक अर्धा रस्त्यात, अर्धा कडेला. मला फार एकटं वाटलं. खऱ्या घरात एकटी असण्याची सवय झाली होती, पण त्या खोट्या रस्त्यावर एकटी उभी राहिल्यावर मला रडू आलं. मी हेडफोन काढून आपटला आणि कॉम्प्युटरला अशा शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. त्या मात्र सगळ्या मराठीत होत्या.

राग शांत झाल्यावर मी तशीच बसून राहिले आणि माझ्या डोक्यात आलं की हे मशीन आधी बरं चालतं आणि मग बिघडतं. ताकद कमी असती तर ते पहिल्यापासूनच रडलं असतं. आमचा मिक्सर असंच करतो. डोशाचं पीठ वाटताना आधी झकास फिरतो आणि तापला की मान टाकतो. मी उठले आणि कॉम्प्युटरच्या कव्हरावर हात ठेवला. पाठीमागून ऊब येत होती. कव्हर काढून डब्यावर हात ठेवला तर चटका बसला. मी गेम खेळताना कव्हर तसंच राहू द्यायचे. फक्त बटणापुरतं पुढून वर करायचे. धूळ बसू नये हे भिलाईतल्या बाईच्या हाडात असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या वायरी काढल्या, डबा अंगणात आणला आणि नवऱ्याच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचा बाजूचा पत्रा पूर्ण उघडला. आत धूळ होतीच. पण प्रोसेसरवरच्या त्या छोट्या पंख्याकडे मी पाहिलं आणि पाहतच राहिले. पंख्याच्या पात्यांत, त्याच्या खालच्या जाळीच्या फटींत, सगळीकडे तांदूळ होते. कुंकवाने लाल झालेले, धुळीत लडबडलेले, काही हळदीच्या पिवळ्या पुटात चिकटून बसलेले. डब्याला वरून भोकं होती, हवा बाहेर जायला. मी वरून मूठमूठ वाहिलेल्या अक्षता सगळ्या त्या भोकांतून सरळ पंख्यावर पडल्या होत्या. एक दाणा पात्याच्या कडेला असा अडकला होता की बोटाने फिरवलं तर पंखा कर्र करून थांबायचा.

मी हसायला लागले. अंगणात एकटी बसून मी इतकी हसले की समोरची बाई बाहेर आली आणि तिने विचारलं, "दीदी, क्या हुआ?" मी नुसतं पंख्याकडे बोट दाखवलं. नवरा पूजा करायचा तेव्हा फक्त एक फूल ठेवायचा आणि टिळा लावायचा. मीच त्याला म्हणायचे, हात का आखडता घेता. आता त्याला हे सांगायला हवं होतं असं फार वाटलं.

मग मी चिमटा आणि सेफ्टी पिन घेऊन एक एक दाणा काढला. पंखा बोटाने धरून ठेवला, रंगाच्या जुन्या ब्रशने जाळी झाडली. अक्षता काही कचऱ्यात टाकता येत नाहीत, म्हणून त्या तुळशीत टाकल्या. डबा जोडून सुरू केला तेव्हा पंख्याचा असा गुळगुळीत आवाज आला की मला भरून आलं. त्यानंतर त्याचं कव्हर मी मिक्सरच्या कव्हरावरून घातलं.

रविवारी मुलाला सांगितलं तर तो हसून हसून बेजार झाला.

"आई, तू प्रोसेसरले खिचडी चारली!"

"चारली त चारली. आता पाह्य कशी चालते."

आणि चालली. काय चालली! एकदाही थबकली नाही. मी हळूहळू गवत परत आणलं, दूरची झाडं आणली, काचेवरचा पाऊस आणला. आरसेही परत लावले. एकदा त्याला म्हटलं, तू मागे राहा जरा, आणि आरशात त्याचा ट्रक येताना पाहिला. त्या दिवशी मी फार खुशीत होते. शेजारणीला बोलावून पेढा दिला. कशाचा विचारलं तर म्हटलं, गाडी सुधरी है.

त्यानंतरचे रविवार मी आठवते तेव्हा मला त्यांतलं बोलणं आठवत नाही. आठवायला ते नव्हतंच. रस्ता गुळगुळीत, मशीन सुरळीत. आम्ही लांब लांबची कामं घ्यायला लागलो. एका टोकाहून निघायचो आणि दुसऱ्या टोकाला माल उतरवायचो, कुठे थांबायची गरजच नाही. मी आपली वाट पाहायचे की आता काहीतरी सांगेल. घरमालकिणीचं काही, ऑफिसातलं काही. त्याचा आवाज बसलेला असायचा, मी हळद-दूध घे म्हणायचे. एका रविवारी सगळा वेळ मिळून तो दोनच गोष्टी बोलला: "पुढं टोल आहे" आणि "डावीकून ये." मी विचारलं तर "हाव", "नाही", "ठीक आहे". मला वाटायला लागलं की मी मशीन दुरुस्त केलं आणि तेच चुकलं. अडकायची तेव्हा तो रस्त्याच्या कडेला थांबायचा, हात मोकळे असायचे, आणि थांबलेला माणूस काहीतरी बोलतो. आता थांबायला कारणच राहिलं नव्हतं. एकदा माझ्या मनात आलं की सावल्या आणि आरसे सगळे मोठ्यात मोठे करून ठेवावेत, म्हणजे पुन्हा अडकेल. मी तो मेनू उघडूनही पाहिला. मग माझाच मला राग आला. पोराशी बोलायला मिळावं म्हणून मशीन बिघडवायचं, इतकी मी लाचार नव्हते.

त्याऐवजी मी पुढच्या रविवारी मधेच म्हटलं, "गाडी बाजूले लाव."

"कावून? अडकलं का परत?"

"नाही अडकलं. लाव तू."

त्याने लावली. मी त्याच्या मागे लावली. इंजिनं चालूच होती.

"काय झालं आई?"

"अडकत होतं तेव्हा तू थांबे माह्यासाठी. थांबला म्हंजे बोले. आता चांगलं चालते त तू बोलतच नाही. मले नाही पायजे असं चांगलं चालनं."

मला वाटलं, तो चिडेल, किंवा काम आहे म्हणून जाईल. मी तोंडाने आणखी काहीबाही बोलणार होते, पण थांबले.

"आई, गाडीचं काही नाही वं," तो म्हणाला. "सांगायलेच काही नाही. ऑफिस बंद केलं आमचं. घरूनच काम आहे आता. घरमालकीण घर विकून चालली गेली, खाली कोणी राहत नाही. हप्ताभर मी कोनासंगच बोलत नाही. कीबोर्डवर टाइप करतो तेवढंच. तू म्हनतं न, दर रविवारी माहा आवाज बसलेला राहते? हळद-दूध घे म्हनतं. मले सर्दी नाही राहत आई. हप्त्याभरानं पहिल्यांदा तोंड उघडतो म्हनून तसा निघते तो."

सहा दिवस इकडे मी मराठीला मुकलेली, आणि तिकडे तो आवाजालाच मुकलेला. इतके दिवस मी मशीन उघडून पाहत होते, आणि पोराला एकदाही नीट विचारलं नव्हतं की तू बरा आहेस का. भिलाईत बसून मी त्याच्यासाठी काय करणार होते? डबा पोचवता येत नाही, डोक्यावर हात ठेवता येत नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी माइक हाताने झाकला.

पडद्यावर त्याचा ट्रक कडेला उभा होता, मागचे दिवे लुकलुकत होते. मागून एक ट्रक हॉर्न देत आला आणि आमच्या बाजूने निघून गेला.

"आई," तो म्हणाला. आवाज अजूनही बसलेलाच होता. "आई, आहेस न?"

मी माइकवरचा हात काढला.

"आहो न," मी म्हणाले. "इथंच आहो. बोल."